थारच्या मागच्या एक्सलला स्किड प्लेट – माझा अनुभव
थारचा मागचा एक्सल सॉलिड आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यानं जोडलेली, त्यामुळं सस्पेन्शन लिफ्ट केलं तरी दांड्यावरचा डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा जमिनीपासनं तेवढाच राहतोय, तो वर जातोय फक्त मोठ्या टायरनं, आणि गगनबावड्याकडच्या जांभ्यात पहिला मार त्यालाच. म्हणून त्याखाली मार झेलायला ५ एमएमची स्किड प्लेट मागवली, कंपनीची नव्हे, बाहेरची. बसवायला तशी सोपी, पुढच्या चाकांना दगड, चेसिसखाली स्टँड, प्लेट खालनं धरायची नि एक्सलच्या ट्यूबवरनं यू-बोल्ट. खरी गंमत पुढं. ब्रेकचा पाईप ट्यूबला चिकटूनच जातोय, बोल्ट तसाच आवळला तर पाईप चेपणार, मग क्लिप सोडून पाईप जरा वर घेतला नि मगच नट फिरवले, दोन्ही बाजू आलटून पालटून. ऑइल सोडायच्या ड्रेन प्लगसमोर प्लेटला भोक होतं पण सॉकेट काय जाईना, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रीकडनं मोठं करून घेतलं, त्यानं कडा पण घासून दिल्या, चहा आपला. कापलेल्या जागी रेड ऑक्साइड मारलं, नाहीतर आपल्या पावसात गंज ठरलेला. थोडं चालवून नट परत आवळा, सैल पडतात. आणि वॉशिंगला गेला की नळी प्लेटच्या वरनं आत मारायला सांगा, तिथं चिखल साठतोय, वाळला की ऑइल गळतंय का नाही कळतच नाही भावा.