बेसिक झालं म्हणजे गाइड झालो? लोकांना डोंगरात नेण्याआधी या चुका टाळा

पावसाळा जवळ आला की ठाणे, कळवा, ऐरोली, बेलापूर, कुठल्याही भागातल्या ट्रेकिंग ग्रुपची पोस्टरं पाहा. ‘सर्टिफाइड लीडर’ हे शब्द हमखास असतात. सर्टिफिकेट कसलं, कोणत्या संस्थेचं, किती सालचं, हे ना पोस्टरवर असतं, ना पैसे भरणारा विचारतो. मुंब्र्याच्या कातळावर शिकायला येणारी पोरं पहिल्याच दिवशी मला विचारतात, “सर, बेसिक केलं की ट्रेक लीड करता येईल ना?” बेसिक म्हणजे गिर्यारोहणाचा पहिला, प्राथमिक कोर्स. दर वर्षी हाच प्रश्न येतो आणि पुढे घोटाळेही तेच होतात. ते तोंडी सांगून सांगून आता कंटाळा आलाय, म्हणून लिहून ठेवतोय.

बेसिकलाच गाइडचं लायसन्स समजणं

आधी क्रम नीट समजून घ्या. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ची, उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट म्हणजे ‘निम’ १९६५ची. मनाली, पहलगाम आणि अरुणाचलात दिरांगलाही अशा संस्था आहेत. बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. त्यात ‘ए’ ग्रेड मिळाली तरच अ‍ॅडव्हान्सला अर्ज करता येतो. अ‍ॅडव्हान्सलाही ‘ए’ मिळाली की पुढे दोन कोर्स खुले होतात: एक मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणजे दुसऱ्याला शिकवायचं कसं याचा, आणि दुसरा सर्च अँड रेस्क्यूचा. बेसिकमध्ये तुम्हाला डोंगरात स्वतःला सांभाळायला शिकवतात. मागून येणाऱ्या वीस माणसांना सांभाळणं हा त्या कोर्सचा विषयच नाही. स्वतःला पोहता येणं आणि बुडणाऱ्याला बाहेर काढणं यांत जेवढं अंतर आहे, तेवढं इथेही आहे. जगभर ज्याला माउंटन गाइड म्हणतात त्याचा आयएफएमजीएचा, म्हणजे माउंटन गाइडांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा, बिल्ला तर कातळ, आल्पाइन चढाई आणि स्की अशा तिन्ही अंगांनी पारखल्यावर मिळतो. त्यात कित्येक वर्षं जातात. आपलं बेसिक म्हणजे तो बिल्ला नव्हे.

हे शब्दांत पटत नाही म्हणून माहुलीचा प्रसंग सांगतो. पावसाळी रविवार होता. आम्ही आसनगावहून वर चाललो होतो. वरच्या लोखंडी शिडीखाली गर्दी अडकलेली दिसली. दुसऱ्या एका ग्रुपमधल्या बाई ओल्या दगडावरून घसरल्या होत्या आणि घोटा धरून बसल्या होत्या. त्यांचा लीडर शिडीच्या वर, एकेकाला हात देऊन चढवत होता. पोरगा चांगला होता. ‘ए’ ग्रेडवाला, दोराला हात सफाईदार. पण सगळ्यांच्या मागे त्याचा एकही माणूस नव्हता. प्रथमोपचाराची पिशवी त्याच्याच सॅकमध्ये, म्हणजे शिडीच्या वर. तो वरून ओरडून सांगत होता, “ताई, बूट काढा आणि जरा चालून बघा.”

त्यांनी बूट काढलाही होता. घोटा बघता बघता सुजला आणि बूट परत चढेना. आम्ही त्यांना उभं राहू दिलं नाही. कॅरीमॅटचा, म्हणजे अंथरायच्या फोमच्या चटईचा, तुकडा दुमडून पायाच्या दोन्ही बाजूंनी लावला, क्रेप बँडेजने बांधला, बोटं उघडी ठेवली. अंगठ्याचं नख दाबायचं आणि सोडायचं. पांढरं पडलेलं नख दोनेक सेकंदांत परत गुलाबी झालं पाहिजे. बोटांना स्पर्श कळतोय का तेही विचारायचं. खाली नेताना ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते, कारण सूज वाढली की मघाशी बरोबर बसलेलं बँडेज आवळायला लागतं. तो लीडर खाली आला तेव्हा हे सगळं लक्ष देऊन बघत होता. त्याने प्रथमोपचाराचा दोन दिवसांचा कोर्स काही वर्षांपूर्वी केला होता. त्यानंतर एकदाही उजळणी केली नव्हती.

पुढचं जास्त वाईट होतं. वर गेलेली त्याची माणसं गडावर पांगली होती. एकूण माणसं किती आली याचा नक्की आकडा त्याच्याकडे नव्हता, घरच्यांचे फोन नंबर नव्हते. पायथ्याच्या गावातली मुलं मदतीला धावली म्हणून बाई अंधार पडता पडता खाली पोचल्या. शहापूरला एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं निघालं. त्या पोराला मी दोष देत नाही. एकट्या पोराच्या हवाली एवढी माणसं करणाऱ्या आयोजकाची ही चूक आहे, आणि ‘सर्टिफाइड आहे ना’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्या आपल्या सगळ्यांचीही.

माझी पद्धत सांगतो. पुढे चालणारा कोण हे मी नंतर ठरवतो. सगळ्यांत मागचा माणूस आधी ठरतो, आणि तो माझ्याइतकाच अनुभवी असतो. प्रथमोपचाराची पिशवी त्याच्याकडे राहते, कारण पाय मुरगळलेला माणूस कधीच पुढे नसतो. दमा, मधुमेह, फिट्स, चालू गोळ्या, घरचा नंबर हे सगळं निघायच्या आदल्या दिवशी कागदावर घेतो. रविवारी पहाटे स्टेशनवर विचारलं तर कोणी खरं सांगत नाही. वाट फुटते तिथे थांबून डोकी मोजायची. किती वाजता मागे फिरायचं ते पायथ्यालाच सगळ्यांदेखत सांगायचं, म्हणजे पुढे कोणी हट्ट करत नाही.

प्रथमोपचारासाठी दोन दिवसांचं वाइल्डरनेस फर्स्ट एड, म्हणजे दवाखान्यापासून लांब रानात करायचा प्रथमोपचार, ही सुरुवात म्हणून ठीक आहे. पण लोकांना पैसे घेऊन न्यायचं असेल तर वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर हा त्याच्या पुढचा कोर्स करा. तो सत्तर-ऐंशी तासांचा असतो आणि दोन-तीन वर्षांनी त्याचं नूतनीकरण करावं लागतं. त्याच्या जोडीला आपल्या सह्याद्रीचे धोके वेगळे शिका: आग्यामोहोळ, ऊन लागणं, ओढ्याला अचानक आलेलं पाणी, साप. साप चावला की करकचून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. तो अवयव हलू द्यायचा नाही आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा दवाखान्यात तातडीने न्यायचं. हे पाठ असून भागत नाही. जूनमध्ये, पाऊस सुरू व्हायच्या आत, खऱ्या वाटेवर एकाला खोटं जखमी करून अर्धा तास उचलून आणा. स्ट्रेचर धरायला किती हात लागतात ते तेव्हाच कळतं.

तयारी न करता बेसिकला जाणं

“जाऊन तर येतो, शिकवतीलच की ते.” हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. कळव्याचा एक मुलगा असाच गेला. जिममध्ये भरपूर वजन उचलायचा, दंड बघण्यासारखे. जायच्या आठवड्यात नवे बूट घेतले. कोर्सवर सॅक पाठीवर आली आणि दोन दिवसांत टाचांना फोड आले. फोडांमुळे चाल मंदावली, चाल मंदावली म्हणून तुकडीच्या मागे पडला, आणि दमून कॅम्पवर पोचलेला माणूस संध्याकाळच्या वर्गात काय शिकणार? गाठींच्या परीक्षेत बोलाइन उलटी बांधली. शेवटी ‘बी’ ग्रेड आली. म्हणजे अ‍ॅडव्हान्सचं दार बंद, आणि ते उघडायचं तर बेसिक पुन्हा पहिल्यापासून. ऑफिसमधून चार आठवड्यांची सुट्टी एकदा मिळवतानाच त्याच्या नाकी नऊ आले होते. या कोर्सच्या जागा कित्येक महिने आधी भरतात, त्यामुळे लगेच परत जाणंही शक्य नव्हतं. हुशार मुलगा, पण घाईमुळे त्याची वर्षं वाया गेली.

निदान चार महिने आधी लागा. पारसिकचा डोंगर आहे, खारघरची टेकडी आहे, आणि दोन्ही लांब पडत असतील तर घोडबंदर रोडच्या टॉवरचे जिने आहेत. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा. आठ किलोंपासून सुरू करून पंधरा-सोळापर्यंत हळूहळू न्या. मी बाटल्या वर रिकाम्या करू देत नाही. उतरतानाही वजन पाठीवर हवं, कारण गुडघे उतारावरच बोलायला लागतात. बूट याच काळात वापरून मऊ करा. क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे बर्फातले खिळे), आइस अ‍ॅक्स (बर्फातली कुऱ्हाड), हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) हे संस्था देते, रोजच्या चालीचे बूट मात्र तुमचेच असतात.

गाठींसाठी सहा मिलिमीटरच्या दोरीचा हातभर तुकडा खिशात ठेवा. लोकलमध्ये उभ्या उभ्या फिगर ऑफ एट, बोलाइन, क्लोव्ह हिच बांधा आणि सोडा. मग न बघता, मग हातमोजे घालून. गाठ बांधता येणं आणि नीट बसवता येणं यांत फरक आहे. पदर एकमेकांवर चढलेले असतील तर मी ती गाठ सोडून पुन्हा बांधायला लावतो. पोरं वैतागतात. वैतागू देत.

सह्याद्रीच्या दमावर हिमालय गृहीत धरणं

आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो. म्हणजे अख्खा सह्याद्री पालथा घातलात तरी उंचीचा अनुभव शून्य. तीन हजारांच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं, हा नियम गाइडने तरी मोडू नये. डायमॉक्स ही विरळ हवेच्या त्रासावरची गोळी घेतली म्हणून तो मोडायची सूट मिळत नाही.

याहून घातक म्हणजे ग्रेड जाईल या भीतीने डोकेदुखी, उलटी लपवणं. इन्स्ट्रक्टरला सांगा. सांगितल्यामुळे फार तर ग्रेड जाईल. लपवल्यामुळे फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी भरलं तर जीव जाऊ शकतो. आणि हे कोर्स म्हणजे सहल नव्हे. ४ ऑक्टोबर २०२२ला द्रौपदी का डांडा शिखराजवळ निमच्या अ‍ॅडव्हान्स कोर्सची तुकडी हिमप्रपातात सापडली आणि पंचवीसहून अधिक जण गेले. त्यात शिकाऊ होते तसे अनुभवी इन्स्ट्रक्टरही होते. फॉर्म भरण्याआधी घरच्यांशी बसून स्पष्ट बोला.

बाकीच्या चुका

रॅपलिंगच्या, म्हणजे कड्यावरून ज्यावरून उतरायचं त्या दोराच्या टोकाला गाठ न मारणं. दोर कमी पडला तर फक्त तीच गाठ माणसाला थांबवते. जोडीला प्रुसिकचा, म्हणजे भार आला की मुख्य दोराला आवळून धरणाऱ्या गाठीचा, बॅकअप हवाच, उतरणारा कितीही सराईत असो.

कातळात ठोकलेल्या एकाच बोल्टवर अँकर, म्हणजे सगळा भार पेलणारा दोराचा आधार, उभा करणं. याला माझ्याकडे माफी नाही.

लीड चढाईला, म्हणजे पहिला माणूस दोर खालून वर नेत चढतो तेव्हा, स्टॅटिक दोर वापरणं. तो ताणत नाही, त्यामुळे पडल्यावरचा सगळा झटका माणसाच्या कमरेला आणि अँकरला बसतो.

बांधकामावरचं हेल्मेट डोंगरात घालणं. गिर्यारोहणाच्या हेल्मेटवर ईएन १२४९२ या युरोपीय मानकाचा किंवा यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाचा शिक्का असतो, तो बघून घ्या.

ओळखीच्या डॉक्टरकडून न तपासता मेडिकल सर्टिफिकेट घेणं.

वीकेंडच्या शिबिरातून ‘ट्रेक लीडर’ होऊन बाहेर पडणं. दोन दिवसांत दोराची तोंडओळख होते, त्यापलीकडे काही नाही.

आपलं सर्टिफिकेट हीच ग्रुपची परवानगी समजणं. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ला आलं. पैसे घेऊन लोकांना नेणाऱ्या आयोजकाची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे व्हायला हवी, आणि तुमचं बेसिक तिच्या जागी चालत नाही. कोणी तुम्हाला लीडर म्हणून बोलावलं तर आधी नोंदणीचा कागद मागा, मानधनाचं नंतर बोला.

आणि वही न ठेवणं. तारीख, वाट, हवा, माणसं किती, तुम्ही पुढे होता की मागे, कुठे वाट चुकली, कोणाला काय झालं, हे त्याच रात्री लिहायचं. फोटो याची जागा घेत नाहीत. माझ्याकडे असिस्टंट म्हणून यायचं असेल तर मी ही वही बघायला मागतो. नसेल, तर या पावसाळ्यात एखाद्या जाणत्या लीडरच्या हाताखाली मागचा माणूस म्हणून चाला आणि ती लिहून घेऊन या.