बाय की टिल? गेस्टला मेसेज टाकण्याआधी हे बघा
गोव्यात होमस्टे चालवा नाहीतर शॅक, गेस्टला इंग्रजीत मेसेज टाकावाच लागतो, आणि सगळ्यात जास्त घोळ बाय (by) आणि टिल (till) या दोन शब्दांचा होतो. चेकआउट ११ पर्यंत उरकायचंय तर बाय इलेव्हन, म्हणजे त्याआधी कधीही एकदा झालं की झालं, पण किचन ११ पर्यंत चालूच राहणार असेल तर टिल इलेव्हन. आपण दोन्हीला 'पर्यंत'च म्हणतो ना, म्हणून गडबड. मी सरळ एवढंच बघते, काम एकदाच होणार की चालू राहणार.

लेंड-बॉरो सोप्पंय, उसनं देणारा लेंड करतो, उसनं घेणारा बॉरो. स्कूटी भाड्याने देताय तर दोन्ही नको, रेंट लिहा. आणि मेनूवर डेझर्टला दोन एस हां, एका एसचं म्हणजे वाळवंट, तिथे बेबिंका कोण खाणार!