हाताशी काही ठेवू नका

पोरांनो, दिवसभर खुर्चीत बसून काम करता ना? मग आधी ऑफिसच्या टेबलावरची ती लिटरभराची बाटली उचला आणि घरी आणून ठेवा. तिच्या जागी एक छोटं फुलपात्र ठेवा, चार घोटांत संपेल असं. पाणी संपलं की उठावं लागेल, चालत जाऊन भरून आणावं लागेल, आणि प्यायलेलं पाणी तासाभराने तुम्हाला पुन्हा उठवेलच. एवढ्या एका भांड्याने दिवसभरात जितकं उठणं होतं, तितकं मोबाइलच्या घंटीने होत नाही. घंटी बंद करता येते, तहान बंद करता येत नाही.

माझी सगळी नोकरी साताऱ्यात सरकारी कचेरीत टेबलाशी गेली. बिलं तपासायची, नोंदी करायच्या, बेरजा जुळवायच्या. म्हणजे कामं बैठीच. पण फाइल दुसऱ्याच्या टेबलावर असायची, शिक्का साहेबांच्या खोलीत, टेलिफोन पलीकडच्या भिंतीला आणि माठ व्हरांड्यात. कुणी ना कुणी सतत उठलेलंच असायचं. आता माझी लेक हिंजवडीला जाते आणि जावई घरून काम करतात. त्यांची फाइल, शिक्का, फोन आणि साहेब सगळे एकाच स्क्रीनमध्ये राहायला आलेत. उठायचं कशासाठी? म्हणून माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीवर येतं: उठायचं निमित्त मुद्दाम तयार करून ठेवा. ‘मी आठवणीने उठेन’ यावर विसंबू नका, कामात बुडालेल्या माणसाला जेवण आठवत नाही, तिथे उठणं कुठून आठवणार!

चार्जर खोलीच्या दुसऱ्या टोकाला लावा. कचऱ्याची टोपली पायाशी नको, दाराशी ठेवा. दोन टेबलं सोडून बसलेल्या मैत्रिणीला मेसेज न करता तिच्याजवळ जाऊन विचारा. ज्या मीटिंगमध्ये फक्त ऐकायचं असतं, ती उभ्याने ऐका. आणि उठता येणारच नसेल तर खुर्चीतल्या खुर्चीत टाचा वर-खाली करा. पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. पोटरी हलली नाही तर संध्याकाळी चपलेचा पट्टा घट्ट होतो, मोज्याचा वळ उमटतो, तो याच कारणाने.

घरून काम करणाऱ्यांच्या आयांना माझी हात जोडून विनंती आहे. लेकरू कामात आहे म्हणून पाणी, चहा, चिरलेलं सफरचंद सगळं टेबलावर नेऊन देऊ नका. माया आहे, कळतं मला. पण स्वयंपाकघरातून हाक मारा, ‘चहा झालाय, ये रे’. त्याला येऊ द्या, ओट्याशी उभ्याने दोन घोट घेऊ द्या, तुमच्याशी दोन शब्द बोलू द्या. त्यातच त्याचं भलं आहे.

मुलींना एक वेगळं सांगते. ऑफिसातलं बाथरूम बरं नाही, म्हणून पाणीच न पिणं आणि लघवी दाबून धरणं अगदी बंद करा. त्यातूनच मग उन्हाळी लागते, जंतुसंसर्ग होतो. बाथरूम घाण असेल तर तक्रार करा, चौघीजणी मिळून करा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बसायचं कसं

पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. आपल्याकडच्या बऱ्याच मुलींचे टेकत नाहीत, कारण खुर्च्या उंच. उपाय घरातच आहे: पाट. जेवायला बसायचा जुना लाकडी पाट टेबलाखाली सरकवा आणि त्यावर पाय ठेवा. गुडघे काटकोनात आले की मांडीखालचा दाब जातो. कमरेच्या खोलगट भागामागे पंच्याची घट्ट गुंडाळी ठेवा. गादीसारखी जाड उशी नको, ती उलट पुढे ढकलते. लॅपटॉपखाली जाडजूड पुस्तकं रचा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत, आणि कीबोर्ड वेगळा घ्या. तो फार महाग नसतो, आणि मान वाकवून बसण्यापेक्षा तर स्वस्तच पडतो.

डोळ्यांचं गणित सोपं आहे. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरचं काहीतरी 20 सेकंद बघायचं. खिडकीतून समोरच्या इमारतीवरची कबुतरं बघा, नाहीतर कोणाच्या गॅलरीत काय वाळत घातलंय ते बघा. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. त्यामुळे बघता बघता जाणूनबुजून पापण्याही मिटा. टाळूवर तेल घातल्याने चष्म्याचा नंबर उतरतो म्हणतात, ते खरं नाही. पण रविवारी आईकडून डोक्याला तेल मात्र जरूर लावून घ्या, झोप छान लागते.

डबा

इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बैठ्या माणसाचं आरोग्य निम्मं डब्यात असतं.

पहिली गोष्ट, डब्यांची अदलाबदल करा. आपण मोठ्या डब्यात भात भरतो आणि चिमुकल्या डबीत कोशिंबीर. उलट करा. मोठ्या डब्यात भाजी आणि कोशिंबीर, छोट्यात भात. पोळ्या भुकेप्रमाणे, पण दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाचा आहार खुर्चीतल्या माणसाला पेलत नाही, हे लक्षात असू द्या. ज्वारीची भाकरी रात्रीसाठी ठेवा. डब्यात ती दुपारपर्यंत वातड होते आणि मग पोरं ती तशीच परत आणतात.

‘आई, कोशिंबिरीला पाणी सुटतं’ ही तक्रार घरोघर आहे. काकडी चोचवा, म्हणजे सुरीने घाव घालून बारीक चिरा, किसू नका. त्यावर दाण्याचं कूट, बारीक चिरलेली मिरची, कोथिंबीर. जिरं-हिंगाची फोडणी करून पूर्ण गार होऊ द्या, मग घाला. मीठ मात्र अजिबात घालायचं नाही. मीठ पडलं की काकडी पाणी सोडायला लागते आणि जेवायच्या वेळेपर्यंत कुटाचा गिचका होतो. चिमूटभर मीठ कागदाच्या पुडीत बांधून डब्याच्या झाकणावर ठेवा, सोबत लिंबाची एक फोड. जेवायला बसल्यावर मीठ घाला, लिंबू पिळा, चमच्याने वर-खाली करा. काकडी कुरकुरीत राहते आणि डबा रिकामा परत येतो. लिंबाची आणखी एक फोड उसळीवर किंवा पालेभाजीवर पिळा, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागतं. आणि जेवल्याबरोबर चहा घेऊ नका, कारण चहा नेमकं तेच लोह अडवतो. मध्ये तासभर तरी जाऊ द्या.

उसळीची तयारी शनिवारी करा. सकाळी मटकी भिजत घाला, रात्री उपसून ओल्या पंच्यात बांधून ठेवा. रविवारी संध्याकाळपर्यंत बोटाच्या पेराएवढे मोड येतात. फ्रिजमध्ये ठेवली की सोमवार ते बुधवारचं भागतं. नोकरी करणाऱ्या मुलामुलींनी एवढं एक शिकून घ्या, त्याला गॅससुद्धा लागत नाही.

चार वाजताच्या भुकेशी भांडू नका, ती खरी भूक असते. फक्त तिच्यासाठी आधीच सोय करा, नाहीतर पाय आपोआप खाली वडापावच्या गाडीकडे वळतात. एका लहान डबीत फुटाणे आणि शेंगदाणे, कधी राजगिऱ्याचा लाडू, कधी एखादं केळं. डबीच भरा, अख्खी पिशवी नको. पिशवीतून खाताना हात थांबत नाही. वडापाव महिन्यातून कधीतरी मित्रांबरोबर मजेत खा, त्याने काही बिघडत नाही.

चहाचा हिशोब मात्र स्वतः एकदा कागदावर मांडा. एका कपात दोन चमचे साखर आणि दिवसाचे पाच कप, म्हणजे दहा चमचे, जवळजवळ 40 ते 50 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घेतलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. म्हणजे नुसत्या चहातच दीडपट-दुप्पट झाली, बिस्किटं वेगळीच. चहा सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. कप लहान करा, साखर आठवड्याला पाव-पाव चमचा कमी करा, जीभ बिनबोभाट रुळते. शेवटचा चहा चारच्या सुमारास. त्यातलं कॅफिन पाच-सहा तासांनीसुद्धा निम्मं अंगात असतं, मग रात्री मोबाइल बघत कूस बदलत बसायची वेळ येते. झोप सात तासांची हवीच.

चालणं आणि नमस्कार

शतपावली आपल्या आजी-आजोबांनी घालून दिलेली आहे, ती फक्त रात्रीची का ठेवायची? दुपारी डबा संपला की दहा-पंधरा मिनिटं आवारात फेऱ्या मारा. जेवणानंतर चाललं की रक्तातली साखर एकदम उसळी मारत नाही, दुपारची पेंगही कमी येते. घोळक्याने निघा, गप्पा मारत.

पण ती संथ पावलं पुरेशी नाहीत. आठवड्याला किमान 150 मिनिटं जरा दमवणारी हालचाल हवी, म्हणजे रोजची वीस-बावीस मिनिटं. चाल इतकी झपझप असावी की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. कंपनीच्या बसने जात असाल तर एक थांबा आधी उतरा.

वेळ नसेल त्या दिवशी सूर्यनमस्कार. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या औंधला राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संस्थानातल्या शाळाशाळांतून नमस्कार सुरू केले, स्वतः म्हातारपणापर्यंत घातले. सतरंजीएवढी जागा लागते, बाकी काही नाही. सुरुवात तीन-चार नमस्कारांनी, सावकाश, श्वास सांभाळत. दर आठवड्याला एक-दोन वाढवा. पहिल्याच दिवशी पंचवीस घालून दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, आणि मग महिनाभर नाव निघत नाही. कंबरेत गादी सरकलेली असेल किंवा रक्तदाब जास्त असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

शेवटी, आईच्या हातच्या शेकाने बरं होणारं दुखणं कोणतं आणि न होणारं कोणतं, ते ओळखायला शिका. दिवसभर बसून आखडलेली मान, जड झालेली पाठ, यांना गरम पाण्याची पिशवी आणि एक रात्रीची झोप पुरते. बोटांना मुंग्या येऊन रात्री जाग येत असेल, कमरेतून निघालेली कळ पायात उतरत असेल, तर शेकत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे जा. आणि एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली, हाताला गरम लागली, तर ती चोळूही नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. मीटिंग राहू द्या, त्याच दिवशी दवाखाना गाठा. दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर एक क्षणही थांबू नका, 108 ला फोन करा.