मूल तबल्याला बसवताना: पहिल्या वर्षाचा रियाज

तबला शिकल्यावर मूल अभ्यासातही हुशार होतं, असं ऐकून बरेच पालक क्लासला येतात. तशी हमी कुणी देऊ नये. मात्र एक सवय तबला नक्की लावतो: हात चुकला तरी लय न सोडता समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर (ठोक्यावर), परत यायचं. तीही आपोआप लागत नाही. पहिल्या वर्षी रियाज कसा करून घेतला, त्यावर सगळं अवलंबून असतं.

सात-आठ वर्षांच्या मुलाला खेळण्यातला तबला आणू नका. तो सुरात लागत नाही आणि कान चुकीच्या आवाजाला सरावतो. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) लागणारा, सव्वापाच ते साडेपाच इंच तोंडाचा तबला आणि डाव्या हाताने वाजवायचा धातूचा डग्गा घ्या. दोन्ही चुंबळीवर न डुगडुगता बसले पाहिजेत. तबला किंचित पुढे कललेला, डग्ग्याचं रुंद मैदान, म्हणजे काळ्या गोल शाईबाहेरचा मोठा भाग, मनगटाखाली. मुलाचे खांदे वर चढत असतील तर वाद्य त्याला उंच पडतंय; बसायला जाडसर आसन द्या.

पहिला बोल ‘ना’. अनामिका शाईच्या कडेवर अलगद टेकलेली, मधलं बोट वर, आणि तर्जनी चाटेवर (कातड्याच्या बाहेरच्या कडेवर) पडून लगेच उठलेली. आवाज मुका येत असेल तर बहुतेक वेळा तर्जनी चाटेवरच रेंगाळलेली असते, नाहीतर अनामिका दाबलेली असते. अशा वेळी मूल जोर वाढवतं. बोट लाल होतं, आवाज आणखी बसतो. जोर निम्मा करायला सांगा आणि बोट उचलण्याकडे लक्ष द्यायला लावा. खणखणीत ‘ना’ आला की मुलाला तो स्वतःलाच कळतो, सांगावं लागत नाही. आपला आवाज आपण ऐकून दुरुस्त करायचा, हे इथून सुरू होतं.

रोज वीस मिनिटं पुरेत, पण रोज. रविवारी एकदम दोन तास बसवल्याने हात बसत नाही, फक्त दुखतो. पहिली तीन मिनिटं पढंत: हाताने टाळी-काल (काल म्हणजे टाळी न देता हात बाजूला नेणं) दाखवत तोंडाने ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, म्हणायचा. जे तोंडात नाही ते हातात येत नाही. मग पाच मिनिटं सुटे बोल, सात मिनिटं ठेका, उरलेली पाच मिनिटं लेहऱ्यासोबत. लेहरा म्हणजे तालाच्या मापात परत परत वाजणारी धून; मोबाइलवरची चालेल.

त्रिताल सोळा मात्रांचा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. मिनिटाला ६० मात्रांची लय लावा, म्हणजे एक आवर्तन (तालाचा एक फेरा) १६ सेकंदांत होतं. सलग दहा आवर्तनं न अडखळता झाली, तरच लय ६५ करा. हमखास चूक होते ती दहाव्या ते तेराव्या मात्रेत. तिथे डग्गा गप्प राहायला हवा, पण डावा हात सवयीने वाजतोच. त्या चार मात्रा वेगळ्या काढून घ्या आणि डावा हात मांडीवर ठेवायला सांगा. चौदाव्या मात्रेला, ‘धिं’वर, तो परत येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ठेका चुकला की मूल थांबतं, “परत पहिल्यापासून” म्हणतं. हे करू देऊ नका. लेहरा चालूच ठेवा. मुलाने हात उचलावा, टाळी-काल दाखवत मात्रा मोजाव्यात आणि पुढच्या समेला ‘धा’वर पुन्हा शिरावं. सुरुवातीला दोन-तीन आवर्तनं निसटतात, मूल रडकुंडीला येतं. तेव्हा आपण जवळ बसून नुसती टाळी द्यायची, रागवायचं नाही. काही आठवड्यांत सम एका आवर्तनात सापडू लागते. सारखं पहिल्यापासून सुरू करणाऱ्या मुलाची पहिली ओळ सुरेख होते आणि शेवट कायम कच्चा राहतो. शिवाय लोकांसमोर वाजवताना ‘पहिल्यापासून’ म्हणायची सोय नसते.

सहा-आठ महिन्यांनी केरवा आणि दादरा हे ताल आले की घरातल्या कुणाच्या तरी गाण्याला साथ करू द्या. गणपतीतली आरती त्यासाठी उत्तम. गाणारा श्वास घेतो तिथे थांबायचं नाही, आणि शब्द ऐकू येतील इतका हात हलका ठेवायचा. एकट्याने छान वाजवणारी मुलंही इथे गडबडतात, कारण आता स्वतःपेक्षा समोरच्याला जास्त ऐकायचं असतं. पाहुण्यांसमोर “वाजवून दाखव” म्हणण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘प्रारंभिक’ परीक्षा द्यायची असेल तर ठेका ठाय (मूळ लयीत) आणि दुगुनीत (दुप्पट लयीत), हातावर आणि तबल्यावर, दोन्हीकडे पक्का झाल्यावरच फॉर्म भरा. दहावीच्या वाढीव गुणांसाठी घाईने एकेक परीक्षा उरकलेला हात लगेच ओळखू येतो.

वाद्य जपायला मुलालाच शिकवा. शाई लोखंडाची पूड आणि खळ यांच्या थरांची असते, त्यामुळे ओले किंवा तेलकट हात नकोत. पावसाळ्यात सूर उतरतो म्हणून तबला उन्हात ठेवू नका, पुडी (वरचं कातडं) तडकते. गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) वरून हातोडी मारली की सूर चढतो, खालून मारली की उतरतो. हातोडी पहिल्या वर्षी गुरुजींच्याच हातात राहू द्या, पण कुठलं घर (पुडीच्या कडेचा कुठला भाग) उतरलंय ते मुलाने कानाने सांगावं.

आठवी-नववीत ट्यूशन वाढतात आणि तबला सुटतो. तेव्हा वीसची दहा मिनिटं करा, पण बंद करू नका. आणि तबला पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका. वरून कापड घालून तो चुंबळीवरच, येता-जाता हात पडेल अशा कोपऱ्यात राहू द्या.