एसएमएच्या ट्रायलसाठी मूल नेण्याआधी

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, हा चेतापेशी मरून स्नायू अशक्त करणारा जनुकीय आजार असलेलं मूल ट्रायलमध्ये, म्हणजे नव्या औषधाच्या चाचणीत, बसतं का हे जिथे ठरतं त्या भेटीला स्क्रीनिंग म्हणतात. तिथून परत फिरायला आजारच कारण लागतो असं नाही. एखादा कागद, तारीख किंवा आकडाही पुरतो. म्हणून तयारी फाइलपासून.

सगळ्यात वर जनुकीय रिपोर्ट. ‘एसएमए पॉझिटिव्ह’ एवढ्या ओळीवर काम भागत नाही. एमएलपीए या जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या तपासणीत एसएमएन१ जनुकाचा ‘एक्झॉन ७’ हा भाग दोन्ही प्रतींत नाही हे लिहिलेलं हवं, आणि एसएमएन२ या त्याच्या जोड-जनुकाच्या प्रती नेमक्या किती तेही. साधारण ९५ टक्के मुलांत दोन्ही प्रतींतला हा भाग गळालेला असतो. उरलेल्यांत एक प्रत दिसते पण तिच्यात बारीक बिघाड असतो. तो एमएलपीएला सापडत नाही, सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकाचं अक्षरन् अक्षर वाचन, करावं लागतं. ‘३ किंवा जास्त प्रती’ असा मोघम आकडा असेल तर लॅबकडून नेमका लिहून घ्या, कारण ट्रायलची अट बहुधा आकड्यात असते. आपल्याकडची खास अडचण नावाची: जन्मानंतर लगेच केलेल्या तपासण्यांवर ‘बेबी ऑफ’ आणि आईचं नाव असतं, जन्मदाखल्यावर मुलाचं. दोन्ही एकाच मुलाचे असल्याचं पत्र रुग्णालयाकडून आधीच घ्या. लहान बाळांच्या ट्रायलमध्ये वय दिवसांत मोजतात, तेव्हा दाखला मिळायला उशीर झाला तर मुदत निघून जाते.

फाइल लागली की ट्रायल खरी आहे का ते बघा. भारतातल्या ट्रायलची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद हवी; क्रमांक सीटीआरआय, वर्ष, महिना आणि आकडा असा असतो. पण नोंद म्हणजे परवानगी नव्हे, हे बरेच जण विसरतात. त्याच पानावर औषध महानियंत्रकांची मंजुरी, एथिक्स कमिटीची मंजुरी आणि भरती सुरू आहे की बंद, हे तिन्ही वाचा. ट्रायलच्या औषधाचे पैसे कोणी मागितले तर तिथेच थांबा. ‘स्टेम सेल’च्या नावाने लाखो रुपये घेणारे एसएमएच्या पालकांनाही गाठतात, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर असे प्रयोग फक्त मंजूर ट्रायलमध्येच होऊ शकतात.

मग सर्वांत अवघड निर्णय: आधी मिळणारं औषध घ्यायचं की ट्रायलची वाट बघायची? काही ट्रायलना आधी कोणतंही एसएमएचं औषध न घेतलेलंच मूल हवं असतं. एएव्ही९ या वाहक विषाणूतून जनुक पोहोचवणारी उपचारपद्धती एकदा घेतली की शरीरात त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात आणि तोच वाहक पुन्हा वापरता येत नाही. तरीही आमचं मत स्पष्ट आहे. मंजूर औषध हाती येत असेल तर संभाव्य ट्रायलसाठी ते लांबवू नका. मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. क्रम मात्र न्यूरोलॉजिस्टशी बोलून लिहून काढा.

एएव्ही९ ची अँटिबॉडी आधीपासूनही असू शकते. झोलजेन्स्मा या एएव्ही९ वरच्याच जनुकीय उपचाराच्या अभ्यासांत १:५० च्या वर पातळी असलेली बाळं घेतली जात नव्हती. तान्ह्या बाळात ती आईकडून आलेली असू शकते आणि कालांतराने उतरते, म्हणून पहिल्या नकारानंतर ‘पुन्हा तपासता येईल का’ हे विचारा. लसींचं कार्ड बरोबर न्या. या जनुकीय उपचाराआधी आणि नंतर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यावं लागतं. त्या काळात गोवर-रुबेलासारखी जिवंत लस देण्याबाबत डॉक्टरच ठरवतील. स्वतःहून लस पुढे ढकलू नका.

हालचालींच्या गुणांकनाची तयारी सगळ्यात दुर्लक्षित राहते. बाळांसाठी चॉप-इंटेंड ही मोजपट्टी: १६ हालचाली, प्रत्येकी ४ गुण, एकूण ६४. थोड्या मोठ्या मुलांसाठी विस्तारित हॅमरस्मिथ: ३३ कृती, ६६ गुण. भुकेलं, झोपाळू किंवा नुकतंच सुई टोचून घेतलेलं बाळ खरे गुण दाखवत नाही. तेव्हा रक्त काढणं मोजणीनंतर ठेवायला सांगा, बाळ दूध ओकणार नाही इतक्या आधी पाजा, खोली उबदार मागा आणि बाळाला फक्त नॅपीवर ठेवा. त्याच कृती घरी घोटून घेऊ नका: सुरुवातीचा आकडा फुगला की औषधाचा खरा परिणाम झाकला जातो.

प्रवासात पल्स ऑक्सिमीटर, सक्शन मशीन, बायपॅप हे श्वासाला मदत करणारं यंत्र वापरत असाल तर भरलेली बॅटरी. भूल द्यायची असेल तर उपाशी किती तास ठेवणार हे आधी विचारा. अशक्त स्नायूंच्या या मुलांना लांब उपास झेपत नाही, गरज पडल्यास सलाइनमधून ग्लुकोज द्यावं लागतं. रक्त किती काढणार तेही मिलिलिटरमध्ये विचारा. ६ किलोच्या बाळात अंदाजे ४८० मिली रक्त असतं. युरोपातल्या शिफारशीनुसार एका वेळी १ टक्का म्हणजे ५ मिलीच्या आसपास, आणि चार आठवड्यांत ३ टक्के म्हणजे साधारण १४ मिली.

संमतिपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, सही एका बैठकीत करू नका. मूल ७ वर्षांचं झालं असेल तर त्याचीही तयारी विचारली जाते. नियंत्रण गट, म्हणजे तुलनेसाठी ट्रायलचं औषध न मिळणारा गट, असेल तर तुमचं मूल त्यात पडलं तर काय, हे स्पष्ट विचारा. नुसिनर्सेन या एसएमएच्या औषधाच्या बाळांवरच्या अभ्यासात दर तिघांत एकाला फक्त सुई टोचल्याचा देखावा केला जात होता. मधल्या पाहणीत फायदा दिसताच तो लवकर थांबवून सगळ्यांना औषध देऊ केलं. तुमच्या ट्रायलमध्ये नंतर औषध मिळेल का, किती काळ, हे लेखी घ्या. भारतातल्या ट्रायलविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाल्यास उपचार मोफत आणि भरपाईची तरतूद आहे. गंभीर घटना २४ तासांत कळवण्याची जबाबदारी संशोधक डॉक्टरवर असते. त्यांचा रात्रीचाही चालू राहणारा नंबर आणि औषधाचं नाव असलेलं कार्ड गावच्या बालरोगतज्ज्ञाला देऊन ठेवा, कारण ताप चढला की पहिली धाव तिकडेच असते.