मालवणात बुडी मारण्याआधी कोल्हापुरात करायची तयारी

सिलिंडर न घेता, नुसता श्वास रोखून बुडी मारायची आणि पुढे भाल्याने मासे मारायचे, यासाठी मालवणला निघायचं असेल तर आधी तयारीची यादी करा, आणि यादीच्या पहिल्या ओळीत एका माणसाचं नाव लिहा. तुम्ही पाण्याखाली असताना वर थांबून तुमच्याकडे बघणारा, तुम्ही वर आल्यावरही पुढची ३० सेकंदं नजर न हटवणारा, आणि वेळ आली तर तुम्ही आहात त्या खोलीपर्यंत बुडी मारून तुम्हाला वर आणू शकणारा माणूस. ही तिसरी अट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. काठावर टॉवेल धरून बसलेला मित्र किंवा होडीतला तांडेल कितीही चांगला असला तरी या जागी चालत नाही. हे नाव सापडेपर्यंत बाकीची यादी वाचा, सामान बघा, व्यायाम करा. पाण्यात श्वास मात्र रोखू नका, तरणतलावातसुद्धा.

कोल्हापूर भागातल्या पोरांना हे सांगताना मला आवाज चढवावासा वाटतो, कारण आपल्याकडे पोहणं विहिरीत शिकतात. पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून सुरुवात, मग मुटके, मग सूर, आणि शेवटी तळाचा गाळ मुठीत धरून वर येण्याची पैज. पाण्याची भीती लहानपणीच जाते ही फार मोठी कमाई आहे. पण त्याच विहिरीत एक सवयही लागते. पैजेआधी दहा-पंधरा श्वास जोरजोरात ओढायचे, छाती भरायची आणि बुडी घ्यायची. त्याने दम वाढतो असं सगळ्यांना वाटतं, कारण खरोखरच जास्त वेळ खाली राहता येतं. ते का राहता येतं, हे समजल्याशिवाय समुद्राकडे निघू नये.

श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन संपत आला म्हणून नव्हे. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदू श्वासाची मागणी करतो. जोरजोरात श्वास घेतल्याने ऑक्सिजनच्या साठ्यात नाव घेण्याजोगी भर पडत नाही, कारण तो साठा आधीच जवळपास भरलेला असतो. कार्बन डायऑक्साइड मात्र बाहेर फेकला जातो. म्हणजे इशारा उशिरा मिळतो आणि ऑक्सिजन त्याच्या नेहमीच्या गतीने संपत राहतो. माणूस छान वाटत असतानाच बेशुद्ध होतो, धडपड न करता, आवाज न करता. रोज सकाळी कपालभाती आणि भस्त्रिका करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. घरी चटईवर करा, पण बुडीआधी पाण्यात हे दोन्ही प्रकार पूर्ण बंद. बुडीआधी दोनेक मिनिटं पोटाने शांत, सावकाश श्वास, बोलता बोलता घेतो तसा, आणि शेवटी एकच भरलेला श्वास. तेवढं पुरतं.

खोलीमुळे यात आणखी एक पेच पडतो. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे फुफ्फुसातला उरलेला ऑक्सिजन तिथे अजून पुरेसा वाटतो. वर येताना दाब कमी होतो, तसा त्या ऑक्सिजनचा दाबही घसरतो, आणि हे सगळ्यात वेगाने घडतं शेवटच्या १० मीटरांत. म्हणून बेशुद्धीच्या बहुतेक घटना तळाशी होत नाहीत. त्या वर पोहोचता पोहोचता, किंवा डोकं बाहेर आल्यावर एक-दोन श्वास झाल्यावर होतात. ती ३० सेकंदं बघत राहण्याची अट इथून आली आहे. जोडीदार वर आला, हसला, अंगठा दाखवला, म्हणून तोंड फिरवायचं नाही.

त्यानंतर डॉक्टर. कानाच्या पडद्याला भोक, जुनाट सायनस, दमा, हृदयविकार, फिट येण्याचा इतिहास, यातलं काहीही असेल तर तपासून घेऊन स्पष्ट परवानगी मिळाल्यावरच पुढे जा. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी बुडी नाही. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरणं तर आणखी वाईट, कारण औषधाचा असर खाली असताना ओसरला तर वर येताना कानातली हवा अडकते.

व्यायामाबद्दल तालमीच्या गावाला काय सांगायचं! पण जोर-बैठकांनी कमावलेलं पिळदार अंग पाण्याखाली ऑक्सिजन खातं. इथे ताकदीपेक्षा सैलपणा कामाला येतो: खांदे सैल, जबडा सैल, मान सैल. पन्हाळा-जोतिबाच्या चढावर चालणं किंवा धावणं चालू ठेवा, पोहणं वाढवा, आणि घोटे, मांड्यांची मागची बाजू व बरगड्या यांचं ताणणं रोज करा. घोटा ताठ असेल तर पायात घातलेलं फिन पाणी ढकलत नाही, नुसतं कापतं. श्वास रोखण्याचा सराव पलंगावर पडून करावा, पाण्यात नव्हे. तुमचा दम आरामात दोन मिनिटं टिकत असेल तर प्रत्येक वेळी एकच मिनिट रोखा आणि मधली विश्रांती कमी करत न्या: दीड मिनिट, सव्वा मिनिट, एक मिनिट, पाऊण मिनिट. छातीखालचा पडदा उचक्यांसारखा उडायला लागतो तेव्हा घाबरायचं नाही, ते कार्बन डायऑक्साइडचं काम आहे. पलंगावर त्याची ओळख करून घ्या. पाण्यात मात्र नवख्याने पहिल्या उचकीला वर यायचं.

तलावात सराव करायचा तर जीवरक्षकाला आधी सांगा. पाण्याखाली कुणी हलत नाही म्हटल्यावर तो उडी मारणारच, आणि मारायलाच हवी. काही तलावांत श्वास रोखायला परवानगीच नसते, तिथे हुज्जत घालू नका. रंकाळा, कळंबा किंवा पंचगंगेचा डोह या कामाला नको. पाणी गढूळ, त्यात सांडपाण्याची भर, आणि मुख्य म्हणजे दोन हातांवरचा जोडीदार दिसत नाही. शेतातली विहीर नितळ असली तरी एका बाजूला मोटारीचे पाइप आणि वायर, दुसऱ्या बाजूला वर यायला अरुंद पायऱ्या. बेशुद्ध माणसाला तिथून बाहेर काढणं दोघांच्याही जिवाशी खेळ आहे.

कानांची तयारी हा सगळ्यात चिवट भाग, आणि घाटमाथ्यावरच्या माणसाला त्याची चव आधीच मिळालेली असते. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना किंवा दाजीपूरकडून फोंडा घाटात कानात दडे बसतात, आपण आवंढा गिळतो, ते सुटतात. काही शे मीटरचा तो अख्खा उतार हवेच्या दाबात जेवढा फरक पाडतो, तेवढा फरक पाण्यात पुरत्या एका मीटरच्याही आत पडतो. यावरून पहिल्या पाच मीटरांत कानांवर काय येतं त्याचा अंदाज करा. म्हणून दुखायच्या आधीच कान मोकळे करत जायचं, दर मीटरला, सुरुवातीला त्याहूनही जास्त वेळा. नाक दाबून छातीने जोर लावायची पद्धत डोकं खाली असताना लवकरच निकामी होते, आणि जोर जास्त झाला तर कानाला इजा करते. शिकायची ती फ्रेंझेल पद्धत: नाक चिमटीत, घसा आतून बंद, आणि ‘त’ किंवा ‘क’ म्हणताना जीभ जशी वर जाते तशी ती पिस्टनसारखी वापरून तोंडातली हवा कानांकडे ढकलायची. एक हात पोटावर ठेवून बघा. पोट आक्रसत असेल तर अजून जुनीच पद्धत चालू आहे. आरशासमोर रोज थोडा सराव, मग पलंगाच्या कडेवरून डोकं खाली सोडून तोच सराव. कान सुटला नाही तर थांबायचं, थोडं वर यायचं, नाही जमलं तर वर. नेट लावून कान कुणाचेच सुटत नाहीत.

सामानात मास्क आधी घ्या. कमी हवा मावणारा, मऊ सिलिकॉनचा, नाक आत घेणारा. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलकेच हवा ओढा, तो पडला नाही तर तुमचा. पोहण्याचा गॉगल खाली चालत नाही, कारण त्यात नाकाने हवा सोडता येत नाही आणि दाबाने डोळे ओढले जातात. पूर्ण चेहरा झाकणारा स्नॉर्कलचा मुखवटाही या कामाचा नाही. स्नॉर्कल साधी, झडपा-बिडपा नसलेली, आणि बुडी घेताना तोंडातून काढायची. फिन्स लांब पात्याच्या, प्लॅस्टिकच्या. कार्बनच्या महागड्या फिन्स पाय शिकल्यावर बघा. तीन मिलिमीटरचा वेटसूट कोकणच्या पाण्याला पुरतो. पाणी उबदार वाटलं तरी तासाभरात अंग गार पडतं आणि गार अंगाने दम धरवत नाही. सूट घातला की तो तरंगतो, म्हणून शिशाचे वजनी पट्टे लागतात. पट्टा रबराचा असावा आणि बकल एका हाताने एका झटक्यात सुटणारं. वजन कमीच ठेवा: पृष्ठभागावर सरळ उभं राहून श्वास सोडला तरी डोकं बुडता कामा नये, आणि १० मीटरवर तुम्ही ना वर ना खाली अशा स्थितीत असावं. बकल डोळे मिटून सोडायचा सराव जोडीदारानेही करावा, तुमचं आणि स्वतःचं दोन्ही.

दोन वस्तू नवखे टाळतात आणि त्या टाळू नयेत. एक, झेंडा लावलेला फ्लोट आणि त्याची दोरी. मालवणच्या पाण्यात मोटारबोटी आणि पर्यटकांच्या होड्या सतत फिरतात, वर येणारं डोकं त्यांना दिसत नाही. दोन, पायाला किंवा दंडाला बांधलेली लहान धारदार सुरी. नायलॉनच्या तुटक्या जाळ्या खडकांना अडकून पडलेल्या असतात, त्या पाण्यात दिसतसुद्धा नाहीत.

तंत्र शिकायला प्रशिक्षक हवा, इथे काटकसर करू नका. एसएसआय, आयडा किंवा मोलचानोव्हज या श्वास रोखून बुडी शिकवणाऱ्या संस्थांचा पहिल्या पायरीचा कोर्स २० मीटरांच्या आत राहतो, आणि त्यात बचाव शिकवतात. तारकर्लीत एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, पण स्कूबा हे वेगळं शास्त्र आहे, ते येतं म्हणून हे येत नाही. सहलीत दोन्ही करायचं असेल तर बुड्या आधी आणि स्कूबा शेवटी. स्कूबा झाल्यावर किमान २४ तास श्वास रोखून खोल जाऊ नये. बुडीचं वळण असं: पृष्ठभागावर आडवं, कमरेतून काटकोनात वाकायचं, हात सरळ खाली, पाय उचलले की त्यांचं वजनच तुम्हाला खाली ढकलतं. फिन्स पूर्ण पाण्याखाली गेल्याशिवाय पाय मारायचे नाहीत. लाथ कमरेतून, गुडघा सैल, नजर समोरच्या दोरीवर. खाली बघायला मान वर केली की घसा ताणला जातो आणि कान अडतात. वर आल्यावर पूर्ण श्वास सोडायचा नाही. थोडा सोडून पटकन भरायचा, क्षणभर धरायचा, पुन्हा तसंच, निदान तीन-चारदा. मग पुढच्या बुडीआधी खाली घालवलेल्या वेळेच्या निदान दुप्पट विश्रांती.

बेशुद्ध जोडीदाराला वर आणल्यावर काय करायचं तेही हातात बसलेलं हवं: तोंड पाण्याबाहेर धरायचं, मास्क काढायचा, डोळ्यांखाली फुंकर घालायची, गालावर थापटायचं, नावाने हाक मारून ‘श्वास घे’ म्हणायचं. बहुतेक जण इतक्याने श्वास घेतात. नाही घेतला तर तोंडाने श्वास द्यायचा आणि होडीकडे न्यायचं. तलावात हे दोघांनी आळीपाळीने करून बघा, झोपेत विचारलं तरी सांगता येईल इतकं.

भाला इतक्या उशिरा आला याचं कारण तो यादीत खरोखरच शेवटी आहे. शिकार दिसली की माणूस दम विसरतो, मासा कपारीत शिरला की आणखी पाच सेकंदं थांबतो, आणि ती पाच सेकंदं महागात पडतात. रिकाम्या हाताने १० मीटरवर निवांत राहता येईपर्यंत भाला घेऊ नका. मग रबर लावलेल्या, हाताने सोडायच्या साध्या पोलस्पिअरपासून सुरू करा. किनाऱ्याजवळचं पाणी फार नितळ नसतं, त्यामुळे लांब स्पिअरगनचा, म्हणजे भाला सोडणाऱ्या बंदुकीचा, उपयोगही नाही. गन पाण्यात उतरल्यावरच भरायची, होडीला हात लावण्याआधी रिकामी करायची, आणि रिकामी असली तरी माणसाकडे रोखायची नाही. खटक्याच्या कुलपावर भरवसा ठेवू नका. मारलेला मासा कमरेला नको, फ्लोटला टांगा. आणि दिसेल त्यावर नेम धरायचा नाही: समुद्री कासव, समुद्रघोडा, समुद्री काकडी, प्रवाळ, राक्षसी गोबरा आणि शार्क-पाकटांच्या काही जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. शिंगाळ्याचा किंवा पाकटाचा काटा लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, निदान अर्धा तास बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा.

कुठे उतरायचं हे निघण्याआधी ठरवा. १९८७ साली जाहीर झालेलं मालवण सागरी अभयारण्य २९.१२ चौरस किलोमीटरचं आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगडाचा परिसर त्याच्या गाभ्यात येतो. तिथे भाला न्यायचा नाही. बाकी ठिकाणी मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या, आणि त्याहून आधी तिथल्या मच्छीमारांना विचारा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जाते ती जागा, जाळी टाकलेली जागा यांच्यापासून लांब राहणं ही साधी माणुसकी आहे. ते त्यांचं पोट आहे, आपला छंद. जून आणि जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि समुद्रही पावसाळाभर गढूळ व खवळलेला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस धरा.

आदल्या रात्री तांबडा-पांढरा टाळा, दारू तर नकोच. सकाळी हलकं काहीतरी खाऊन दोन-तीन तास जाऊ द्या, पाणी भरपूर प्या. घाटात उलटीची गोळी लागत असेल तर तिने गुंगी येते का हे घरीच बघून ठेवा, गुंगीत पाण्यात उतरायचं नाही.

शेवटी एक कागद, किनाऱ्यावर थांबणाऱ्याच्या हातात द्यायचा. त्यावर होडीचं नाव, तांडेलाचा फोन, कुठल्या खडकापाशी जाणार, दोघांचे रक्तगट, परतायची वेळ. तटरक्षक दलाचा शोध व बचावासाठीचा क्रमांक १५५४, रुग्णवाहिका १०८. ठरल्या वेळेनंतर अर्धा तास झाला आणि तांडेलाचा फोन लागत नसेल, तर किनाऱ्यावर थांबलेल्याने तडक १५५४ लावायचा.