जपानमध्ये बेसबॉलचा सामना निवडताना

आधी वार बघा. सोमवारी बहुतेक सामने नसतात, त्यामुळे टोकियोतली मोकळी संध्याकाळ सोमवारी ठेवलीत तर पंचाईत. हंगाम मार्चअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो. जून-जुलैत तिथेही पावसाळा असतो. तेव्हा छप्पर असलेलं टोकियो डोम बरं. एरवी मात्र माझं मत टोकियोतल्याच जिंगू स्टेडियमला. १९२६ सालचं हे उघडं मैदान मेट्रोच्या गिंझा लाइनवरच्या गाइएन्माए स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. इथल्या यजमान संघाने, याकुल्ट स्वॅलोजने, धाव काढली की त्यांचे चाहते चिमुकल्या छत्र्या उघडून गात नाचवतात. बेसबॉलचे नियम कळले नाहीत तरी तेवढ्यासाठी जावं!

ओसाकाकडे असाल तर कोशिएन स्टेडियम, हानशिन टायगर्स संघाचं घरचं मैदान. पण ऑगस्टमध्ये तिथे शाळकरी मुलांची राष्ट्रीय स्पर्धा भरते आणि टायगर्स दुसरीकडे खेळतात. टायगर्स आणि टोकियोच्या जायंट्सची तिकिटं लवकर संपतात, ती आधीच काढा.

ढोल-ताशांचा गजर आवडत असेल तर आउटफिल्डची, म्हणजे मैदानाच्या लांबच्या टोकाची जागा घ्या. फक्त तिथे यजमान संघाच्या बाजूला बसून पाहुण्यांची जर्सी घालू नका, चालत नाही. निवांत बघायचं असेल तर इनफिल्ड, म्हणजे फलंदाजाच्या जवळची बाजू.